नदीवरचं इंजिन जीपला

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा पुढचा दात मी पाडला, तो एका इंजिनावरून. बांधावरून नाही, बायकांवरून नाही, पैशावरून तर नाहीच. सांगितलं की लोक हसतात. हसू देत. दात पडला तेव्हा हसायला कोणी नव्हतं.

माझं डोकं मूळचंच भडक. फौजेत पंधरा वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. तिथंही हाताखालच्या माणसाचं चुकलं की आधी कानफटात आणि मग चौकशी, असा माझा कारभार. पेन्शनीत निघालो तेव्हा लिलावातली एक जुनी जीप घेऊनच घरी आलो. आमचं गाव इस्लामपूर आणि सांगलीच्या मध्ये, कृष्णेच्या काठाला. बेत साधा होता. या रस्त्यावर माणसं वाहायची, आणि कुठल्या गिरणीच्या फाटकावर वॉचमन होऊन सलाम ठोकत उभं राहायचं नाही. चार महिने खपून जीप उभी केली. रंग दिला, ताडपत्री शिवून घेतली, आणि त्र्याहत्तर संपता संपता पेट्रोल असं भडकलं की सांगलीच्या एका फेरीची सगळी कमाई टाकीतच जायची. एकदा संतापून मी जीपच्याच मडगार्डला लाथ घातली. मडगार्डला काही झालं नाही, माझ्या अंगठ्याचं नख गेलं.

तेव्हा डोक्यात डिझेल शिरलं. जीपचं पेट्रोल इंजिन काढून त्या जागी जुनं डिझेल बसवायचं. इंजिन शोधायला लांब जायची गरज नव्हती. आमच्या नदीवर एक पडून होतं.

पडून हा माझा शब्द. दादाच्या लेखी ते पडून नव्हतं. वडलांनी ते मिरजेच्या भंगारातून आणलेलं, मूळचं कुठल्याशा विलायती लॉरीचं, चार सिलिंडरचं. काठावर दगडी खोली बांधून, पाया घालून ते बसवलं आणि नदीचं पाणी वर उसाला चढवलं. वडील गेल्यावर बारा वर्षं ते दादानं चालवलं. दादा चौथी नापास, पण लांबून नुसता आवाज ऐकून सांगायचा, "तिसऱ्या नोझलात कचरा हाय." बहात्तरच्या दुष्काळात नदीचं डबकं झालं, तेव्हा हा गडी इंजिनाशेजारी पोतं टाकून राहिला. वहिनी भाकरी घेऊन नदीला जायची आणि म्हणायची, "सवत हाय माझी, सवत!" पुढं वीज आली, मोटार बसली, इंजिनाचं काम संपलं. तरी दादा रोज जाऊन ते पुसायचा. आठवड्यातून एकदा सुरू करून अर्धा तास नुसता ऐकत बसायचा. मला ते बघून चीड यायची. चांगलं चालणारं इंजिन काय ऐकायला ठेवायचं असतं?

दादाला न विचारताच मी मापं घेतली. तो मळ्यात गेला की मी नदीवर. इंजिनाच्या मागच्या तोंडावर पुठ्ठा धरायचा आणि हातोडीनं ठोकून बोल्टांची भोकं त्यावर उमटवायची. तसाच दुसरा पुठ्ठा जीपच्या गिअरबॉक्सचा. दोन्ही घेऊन सांगली गाठली. हळदीच्या पेठेमागं एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं लेथ होतं. त्यानं पुठ्ठ्यावर पुठ्ठा ठेवला. एक भोक जुळेल तर शपथ.

"मधी पोलादाची प्लेट लागंल," मिस्त्री म्हणाला. "आन् सेंटर केसभर बी हललं, तर क्लच आन् गिअरबॉक्स दोन्ही खाऊन टाकंल."

दोन दिवस आम्ही मांडणी केली. डिझेल जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगांत एकेक पाटा वाढवायचा. इंजिनाखालचं तेलाचं भांडं पुढच्या अॅक्सलवर टेकत होतं, ते कापून उथळ करायचं. रेडिएटर दोन इंच पुढं. सहा व्होल्टची बॅटरी जाऊन बारा व्होल्टची. एअर क्लीनर बॉनेटखाली मावत नव्हता, तो काढूनच टाकायचा. सगळं मी आकृत्यांसकट वहीत उतरवलं आणि माझी छाती फुगली.

वही परत देताना मिस्त्रीनं विचारलं, "फौजी, ह्ये इंजिन चालवतंय कोन?"

"भाऊ."

"मग त्येला इचारलंस का, कशा गुणाचं हाय?"

"तो काय सांगणार? चौथी नापास."

मिस्त्रीनं माझ्याकडं एकवार बघितलं आणि लेथ सुरू केलं.

दादाला सांगितलं ते दुपारी, गोठ्यापुढं. मी वही उघडून पुढं धरली. त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"इंजिन मिळायचं न्हाई."

"दादा, लोखंड हाय ते. मोटार बसल्यावर काय उपेग त्याचा?"

"तुला लोखंड आसंल." मग वैरण टाकता टाकता म्हणाला, "आन् तुला ते झेपायचं बी न्हाई."

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा वर्षं फौजेची इंजिनं उघडून बसवलेला मी, आणि मला झेपायचं नाही? मी त्याच्या बंडीला हात घातला. तो माझ्यापेक्षा ताकदीचा. त्यानं माझं मनगट पिरगाळलं आणि मला शेणात आडवा केला. उठलो तेव्हा माझ्या हातात जीपचा मोठा पाना होता. तो कधी उचलला ते आठवत नाही. मारलेला आठवतो. दादा मटकन खाली बसला. तोंडातनं रक्ताची धार लागली होती आणि तो तळहातावरचा दात बघत होता. उलटा हात त्यानं उचलला नाही.

वहिनी ओरडत धावली. "आवं भावजी, भाऊ हाय का वैरी हाय तुमचा?"

तिथं गप बसलो असतो तर माणूस म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो असतो. मी तिच्यावरच ओरडलो, "वाटणी करा! आजच्या आज! निम्मं रान, निम्मं घर, आन् त्ये इंजिन करवतीनं कापून निम्मं माझ्या दारात आणून टाका!"

पाचव्या दिवशी मी जीपखाली होतो, तेव्हा वहिनी येऊन उभी राहिली. "त्येनी सांगितलंय, इंजिन घिऊन जावा. पर वाटणी नगं." मग म्हणाली, "दोन गोष्टी सांगितल्यात. तेल खुणेच्या बोटभर खालीच ठेवायचं. आन् त्येला पळवायचं न्हाई. तेल पितंय ते."

मी "बरं बरं" म्हणालो. मनात म्हणालो, आता हा मला तेल शिकवणार.

पायावरून उतरवण्याआधी इंजिन किती पळतं ते बघायला हवं होतं. पाणी उपसताना ते संथ चालायचं, रस्त्यावर त्याला दुप्पट वेगानं फिरावं लागणार होतं. म्हणून एके सकाळी मी एकटाच नदीवर गेलो. पंपाचा पट्टा उतरवला. एअर क्लीनर काढला, हवेचं तोंड उघडं केलं. तेलाची पट्टी ओढून बघितली, तर तेल बोटभर कमी. "अडाणी कारभार सगळा," असं मोठ्यानं म्हणून मी खुणेपर्यंत तेल भरलं आणि वर आणखी थोडं ओतलं. इंजिन सुरू करून तापू दिलं. मग वेगाचा अटकाव सोडवला आणि पळवलं.

झकास पळालं. आकडा लिहायला मी वहीकडं वळलो, तेवढ्यात आवाज आपोआप चढला. मी डिझेलचा खटका बंद केला. आवाज चढतच गेला. डिझेलची नळीच उपसून काढली, डिझेल जमिनीवर सांडलं, तरी इंजिन थांबेना. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून वर आलेलं स्वतःचंच तेल ते जाळत होतं, आणि ते तेल मीच काठोकाठ भरून ठेवलं होतं. खोली निळ्या धुरानं भरली. पाया हादरत होता, छपराची कौलं निसटून फुटत होती, आणि तो आवाज असा की दातांत कळ यावी. अशा वेळी हवेचं तोंड बंद करायचं असतं. मला ठाऊक होतं. फौजेत शिकवलेलं होतं. तरी मी दारात उभा राहिलो. फुटणार आणि लोखंड पोटात घुसणार, एवढंच डोक्यात होतं. मी भ्यालो. आयुष्यभर लोकांना बडवत आलेला मी साफ भ्यालो.

मळ्यातून आवाज ऐकून दादा पळत आला. मला खांद्यानं बाजूला उडवून आत शिरला. डोक्याचा पटका ओढून त्याचा बोळा केला, हवेच्या तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. इंजिन गुदमरलं, आचके द्यायला लागलं. इतक्यात पटक्याचं सुटं टोक इंजिनाच्या पुढच्या पंख्यात गेलं आणि पंख्यानं कापडाबरोबर दादाचा उजवा हात आत ओढला. दादा ओरडला, पण डाव्या हातानं दाबलेला बोळा त्यानं सोडला नाही. इंजिन बंद पडलं तेव्हा त्याची तीन बोटं खाली तेलात पडली होती.

जीपमध्ये पेट्रोलचं इंजिन अजून तसंच होतं. त्याच जीपमधून दादाला मिरजेच्या दवाखान्यात नेला. मी हॉर्न दाबून धरला होता, रडत होतो, वाटेत येणाऱ्या प्रत्येक बैलगाडीला आईवरून शिव्या देत होतो. हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून दादा शेजारी पांढराफटक पडला होता. सबंध वाटेत तो एकदाच बोलला.

"इंजिन फुटलं न्हाई न्हवं?"

"बोटं गेली तुझी, दादा! मरू दे तिकडं त्ये इंजिन!"

त्यानं डोळे मिटून घेतले.

बोटं परत बसायची नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. वहिनीला दादापाशी ठेवून मी दुसऱ्या दिवशी गावी परतलो, तो घरी न जाता थेट नदीवर. खोलीत घण होता. पहिला घाव घातला तो डिझेलच्या पंपावर. तो तुटून भिंतीवर आदळला. मग नोझलं, मग हेड, मग ज्या पंख्यानं बोटं तोडली तो पंखा. ओतीव बिडाचे तुकडे उडून माझ्या नडग्या फुटल्या. मी शिव्या देत होतो आणि हाणत होतो, हाणत होतो आणि शिव्या देत होतो. बाजूला तडा गेला आणि काळं तेल बाहेर आलं, तरी थांबलो नाही. हात वर उचलेनात, तेव्हा घण टाकून दिला. खरं सांगतो, फार बरं वाटलं. वाटलं, भावासाठी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी केलं.

दहा दिवसांनी दादा घरी आला. हाताला बांधलेलं तसंच होतं. वहिनीनं ओवाळायला तबक आणलं, त्याला नको म्हणाला आणि नदीची वाट धरली. मी मागं मागं गेलो. दारात तो थांबला, तसा मी घाईघाईनं म्हणालो, "सोडलं न्हाई त्येला, दादा. तुझ्या बोटांचा सूड घेतला."

दादा आत गेला. पायापाशी खाली बसला. फुटलेल्या हेडवरनं डावा हात फिरवत राहिला. बाहेर मोटार चालू होती, पाटात पाणी पडत होतं. बऱ्याच वेळानं त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. राग असता तर मी सोसला असता.

"ते फुटू नये म्हणून तर हात घातला हुता रं मी."

मग त्यानं डोक्याचा नवा पटका खाली पसरला आणि डाव्या हातानं एकेक तुकडा वेचून त्यात ठेवायला लागला. मी त्याच्याशेजारी बसलो आणि एक तुकडा उचलायला वाकलो.

"तू नगं," दादा म्हणाला.