मीटरमावशीचा पहिला प्रश्न

धक्क्यावर कुणाच्या बोटीची बॅटरी भरेनाशी झाली की तो मीटरमावशीचा गाळा गाठतो, आणि मावशी बोटीकडे बघण्याआधी एकच विचारते, "सावली कुणाची पडते?"

सोलर पॅनेलवर डोलकाठीची सावली पडते, शिडाची पडते, वाळत घातलेल्या टॉवेलची पडते. पंजाएवढी सावली अख्ख्या पॅनेलचा जीव काढते, हे एकतीस वर्षांच्या कामात तिला पाठ झालं होतं. शेजारच्या गाळ्यात शिडं शिवणारा म्हातारा, ज्याला सगळे शिंपी म्हणतात, तिला रोज टोचायचा. "अगं, 'कशाची' म्हण. डोलकाठी काय माणूस आहे? शाळेत व्याकरण ऑप्शनला टाकलं होतंस का?"

"रोज छळते म्हणजे माणूसच ती," मावशी म्हणायची.

गळ्यात दोरीने अडकवलेला मीटर तिच्या वडिलांचा. तिचा विश्वास त्याच्यावर आणि फक्त त्याच्यावर. बरी आहेस का विचारलं तर ती "बारा पॉइंट सहा" म्हणते, म्हणजे बॅटरी भरलेली. नवरा गेला त्या आठवड्यात ती "अकरा पॉइंट दोन" म्हणाली होती. त्याहून जास्त कुणी काही ऐकलं नाही. खोटा आकडा तिने कधी सांगितला नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे एक तिशीतला माणूस आला. धक्क्यावर त्याला धाकटा म्हणत, कारण बोट त्याच्या दादाची होती. दादा एकटाच समुद्रात गेला होता आणि बोट रिकामी सापडली होती. हवा चांगली होती. बोटीवर काहीही मोडलेलं नव्हतं.

वहिनी आणि पुतणी आता पलीकडच्या किनाऱ्यावर राहत होत्या. धाकट्याला बोट त्यांच्याकडे पोचवायची होती. अकरा दिवस, एकट्याने. एकटा माणूस रात्रंदिवस सुकाणू धरू शकत नाही. ते काम ऑटोपायलट करतो, आणि ऑटोपायलट बॅटरी पितो. बॅटरी संपली तर भर समुद्रात धाकट्याचं काही खरं नव्हतं.

केबिनच्या छपरावर दादाने बसवलेलं जुनं, ऐंशी वॅटचं पॅनेल होतं. धाकट्याने मागच्या कठड्याला, सुकाणूच्या पाठीमागे, दीडशे वॅटची दोन नवी लावली आणि तिन्ही एकामागे एक जोडून टाकली. बॅटरी आधीपेक्षा जेमतेमच जास्त भरत होती.

"तिघांनी हात धरून चालायचं ठरवलं तर सगळ्यात लंगड्याचा वेग तोच तिघांचा वेग," मावशी म्हणाली. "जुनं काढा."

"ते दादाने बसवलंय, मावशी."

"नात्याने करंट वाढत नाही."

तरी काढण्याआधी ते किती देतं हे मोजायला ती बसली. स्वच्छ ऊन होतं. जुनं पॅनेल चार पॉइंट एक अँपिअर देत होतं. अकरा चाळीसला आकडा शून्य पॉइंट सहावर आला. नऊ मिनिटं तिथेच राहिला. मग पुन्हा चार पॉइंट एक.

तिने डोलकाठीकडे पाहिलं. डोलकाठीची सावली पाण्यात पडली होती.

दुसऱ्या दिवशी शिंप्याला हाताशी घेऊन तिने बोट उलट्या दिशेने बांधली. अकरा चाळीसला आकडा पडला. तिसऱ्या दिवशी तिने पॅनेल उतरवून गाळ्यासमोर दोन स्टुलांवर ठेवलं. आसपास काहीच नव्हतं, वर आभाळ कोरं. अकरा चाळीसला आकडा पडला. वायर सैल असेल म्हणून तिने काचेवर हात ठेवून पॅनेल दाबून पाहिलं. उन्हात तापलेली काच हाताला चटका देत होती. डाव्या बाजूचा तुकडा मात्र गार होता. एक माणूस बसेल एवढा.

शिंपी तिच्या मागे उभा होता. "काय गं, कुणाची?" त्याने सवयीने थट्टा केली. मावशी गार तुकड्याच्या कडेने बोट फिरवत राहिली, तेव्हा तो आपल्या गाळ्यात गेला आणि दिवसभर बाहेर आला नाही.

धाकटा आल्यावर तिने विचारलं, "दादा या पॅनेलवर बसायचे का?"

"रोज! मी ओरडायचो, काच फुटेल म्हणून. सकाळची कामं आटोपली की डाव्या कोपऱ्यात टेकायचा. म्हणायचा, एका सिगरेटपुरता बसतो, तुझं काय जातंय?" तो हसला, मग थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

पॅनेल खराब झालंय म्हटलं असतं तर विषय संपला असता. मावशीने वही पुढे केली. तीन दिवसांचे आकडे, वेळेसकट. धाकट्याने ते दोनदा वाचले.

"काढू नका," तो म्हणाला.

"नाही काढत. पण तुमच्या गळ्यातही बांधत नाही." तिने जुन्या पॅनेलला चार्जिंग सांभाळणारा आणि त्याची नोंद ठेवणारा स्वतःचा कंट्रोलर दिला, स्वतःची छोटी बॅटरी दिली. तिच्यावर फक्त रेडिओ आणि एक दिवा. नवी दोन पॅनेलं वेगळ्या कंट्रोलरवरून मोठ्या बॅटरीला, आणि तिच्यावर ऑटोपायलट. "आता त्यांची सावली त्यांच्याकडे, तुमचं सुकाणू तुमच्याकडे. एकच लक्षात ठेवा. सुकाणूशी कुणी उभं राहिलं तर त्याची सावली थेट नव्या पॅनेलांवर पडेल. ऑटोपायलट चालू असताना तिथे उभं राहायचं नाही."

"मी एकटाच तर आहे. ऑटोपायलट असताना कशाला उभा राहू?"

तो गेला. अकरा दिवस झाले, बारावाही गेला. त्या दिवसांत शिंपी तिला बरी आहेस का विचारायला धजला नाही. तेराव्या दिवशी सकाळी फोन आला.

"पोचलो, मावशी! काल संध्याकाळी. तुमच्या जोडणीने वाचवलं हो. आठव्या-नवव्या दिवशी तापाने असा आडवा झालो की बिछान्यातून उठवेना. ऑटोपायलटने बोट नेली. नकाशावर वाट बघा, पट्टीने आखल्यासारखी."

"कंट्रोलरच्या नोंदी पाठवा," मावशी म्हणाली.

आल्या त्या नोंदी तिने बाकावर वही ठेवून उतरवून घेतल्या. पहिले सात दिवस सगळं जसं तिने बांधून दिलं तसं. आठव्या दिवशी नवी पॅनेलं उजाडल्यापासून मावळेपर्यंत एक अँपिअरच्या वर गेलीच नाहीत. नवव्या दिवशीही नाही. मोठी बॅटरी आठव्या दिवशी दुपारी दोन वीसला संपली आणि ऑटोपायलट बंद पडला. तो पुन्हा चालू झाला दहाव्या दिवशी सकाळी, अकराच्या आधी.

जुन्या पॅनेलने त्या दोन्ही दिवशी अकरा चाळीसला पूर्ण करंट दिला होता. तिथे कुणी टेकलं नव्हतं. सवड नसावी.

दहाव्या दिवशी अकरा चाळीसला जुन्या पॅनेलचा आकडा पुन्हा पडला. या वेळी अठरा मिनिटं.

संध्याकाळी धाकट्याने परत फोन केला. मागून एका लहान मुलीचा आणि बाईचा आवाज येत होता. पुतणीला बोटीवर चढायचं होतं. "मावशी, आकडे बरोबर आहेत ना?"

मावशीने वहीकडे पाहिलं.

"आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली. "पुतणीला सांगा, छपरावरच्या पॅनेलच्या डाव्या कोपऱ्यात बसायचं नाही."

"काच फुटेल म्हणून?"

"हो म्हणा."

त्यानंतरही तिच्या गाळ्यात माणसं येतात, बॅटरी भरत नाही म्हणतात. ती मीटर हातात घेते आणि विचारते, "सावली कशाची पडते?"

पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा शिंप्याने सुई थांबवली. व्याकरण सुधारल्याबद्दल तो काही बोलला नाही.