न्हाणीमागचं कलम

आज सकाळी आंब्याचा देठ मोडला आणि चिकाचा तो उग्र, हिरवा वास नाकात शिरला. डोळ्यांपुढे उभा राहिला आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप.

तिथे आंब्याची कलमं बांधायला शिकवायचा वर्ग भरला होता. पुरुषमाणसं बरीचशी मुंबईला, म्हणून शिकायला बायकाच बायका. कोयीतून उगवलेलं तांबूस रोप छाटायचं, त्याला चीर द्यायची, हापूसची काडी तासून त्यात बसवायची आणि वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सगळ्यांचे हात चिकाने काळे, आणि हसण्याने देऊळ दणाणलेलं.

आईने आपली कलमं पडवीत ओळीने मांडली. काही दिवसांनी शिकवणाऱ्या ताई बघायला आल्या, तर सगळ्या काड्या वाळलेल्या.

"वहिनी, पट्टी सोडली होतीत का?"

"रोज सकाळी," आई म्हणाली. "अगो बाय, दही लागलं की नाय ते झाकण काढून बघतोच ना आपण? तसंच."

ताई हसत हसत खालीच बसल्या. तेवढ्यात मी मागून ओरडले. पडवीत जागा पुरली नाही म्हणून न्हाणीमागे ठेवलेलं एक कलम आई साफ विसरली होती. त्याला कोवळा कोंब फुटला होता!

आजचा आंबा त्याच झाडाचा. तेव्हा मला आईचं हसू आलं होतं. आता वाटतं, आपल्या हाताने बांधलेलं जगतंय का, हे बघायची तिला केवढी घाई झाली असेल!

अजूनही ती रोज सकाळी त्या झाडाखाली उभी राहून वर बघते. म्हणते, "आता बघितलं तरी चालतं त्याला."