पेजेची खळ

सून भाताची पेज निथळते, तेव्हा त्या वासाने मला माझी नर्सिंगची टोपी आठवते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. पेजेची खळ देऊन मी ती पापडासारखी कडक करायचे. भंडाऱ्याच्या आमच्या वसतिगृहात तशी टोपी कुणाचीच नव्हती. तरी मुलींनी पुढारी म्हणून निवडलं ते शेवंताला, एका मासेमाराच्या पोरीला. मी आतून जळायचे.

एका रविवारी ती आम्हाला गणवेशातच पवनीजवळ, तिच्या टोलीवर, म्हणजे मासेमारांच्या वस्तीवर घेऊन गेली. तिथल्या पोरींनीही नर्स व्हावं, हे तिचं वेड. जाळं विणणारी एक बाई म्हणाली, "आमच्या पोरीले कोन घेईन वो? हाताले मासोळीचा वास येते."

"मले घेतलं ना, काकी!" म्हणत शेवंताने आपली टोपी त्या बाईच्या पोरीच्या डोक्यावर ठेवली.

बाकीच्या पोरी माझ्याकडे धावल्या. "बाई, मले बी द्या ना!"

मी दोन्ही हातांनी टोपी धरून मागे सरले. "टोपी खराब होऊन जाईन!"

त्या शेवंताकडे वळल्या. परतताना तिच्या टोपीवर ओल्या बोटांचे डाग होते, आणि ती ते मिरवत होती. मला त्या डागांचाही हेवा वाटला.

माझी टोपी अजून ट्रंकेत आहे, पांढरीशुभ्र. माझ्याशिवाय ती कुणाच्याच डोक्यावर गेली नाही.