खांबाने शिंपडलेली पोपटी

कर्नाळ्याच्या पायथ्याशी आमची भाजीची शेती आहे, माझी आणि थोरल्या दादाची मिळून. यंदा पावसाळा सरल्यावर मी तिथे हवामान मोजणारे खांब रोवले. प्रत्येक खांबावर एक पांढरी डबी. तिने ऊन, वारा, दमटपणा मोजायचा आणि तारेशिवाय एका खांबाने दुसऱ्याला कळवत निरोप पंपाच्या खोलीपर्यंत, तिथून माझ्या मोबाइलवर पोचवायचा. ज्या तुकड्यात फार तापेल तिथले फवारे आपोआप सुरू. हे सगळं मी दादाला पंपाच्या ओट्यावर चढून, हातवारे करून समजावलं.

"जावई हायत तुजे," दादा म्हणाला. "नुसतं उभं राहायचं आनि आपन बडदास्त ठेवायची. पोपटीपर्यंत बघतो. नाय पटलं तर उपटायचे."

अर्धी जमीन त्याची. तेव्हा पोपटीच्या, म्हणजे शेतात मडक्यात शेंगा-कोंबडी भाजायच्या, संध्याकाळी निकाल लागायचा होता, आणि मी मुलीच्या बापासारखा लवकरच शेतावर गेलो.

वहिनीने मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी भरून तोंड पाल्यानेच बंद केलं. मडकं उपडं घालायला दादाने जागा निवडली ती मुळ्याच्या वाफ्याशेजारी, वाऱ्याच्या आडोशाला, थेट खांबाला लागून.

"दादा, खांब," मी म्हणालो.

"जावयाला पन जरा शेक," म्हणत त्याने भोवतीचा पेंढा पेटवला. पोपटीच्या जागेवरून आमच्याकडे थोरल्याशी कोणी वाद घालत नाही. मीही घातला नाही.

जाळ चांगला धरला. मडकं लालबुंद होत आलं आणि माझा मोबाइल वाजला. मुळ्याच्या तुकड्यात भयंकर ऊन. सूर्य तर केव्हाच डोंगराआड गेला होता. मी पंपाकडे धावलो, पण पोचायच्या आत फवारे फिरू लागले. वळून पाहतो तर दादा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, दोन्ही हात पसरून मडक्यावर छत्रीसारखा उभा. छत्री गळत होती.

संपलं, मी मनात म्हटलं. उद्या खांब भंगारात.

तेवढ्यात मडकं चरचरलं. त्यावर पडलेलं पाणी बघता बघता उडून गेलं. पोपटी झाली की नाही हे आमच्याकडे असंच बघतात, मडक्यावर पाणी शिंपडून. लगेच सुकलं तर झाली.

"झाली," डोक्यावर पदर ओढत वहिनी म्हणाली. "बाजूला व्हा, काढू द्या."

मी फवारे बंद करून आलो. शेंगा लोण्यासारख्या मऊ निघाल्या. दादा ओल्या अंगाने खात बसला. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर म्हणाला, "जावयाने शिंपडला वेळेवर. हात जरा सैल हाय."

"मग ठेवू?"

"राहू दे. सवय होईल त्याला."

त्याने शर्ट काढून पिळला आणि वाळत टाकला तो थेट खांबाच्या डबीवर. मोबाइल पुन्हा वाजला.

"काय बोलतो जावई?"

"हवा फार दमट आहे म्हणतोय."

दादाने अंडं सोलता सोलता शर्टाकडे पाहिलं. "खरा बोलतो," तो म्हणाला.