गाळलेली घरं

तुळजाअक्का गेल्याचं मला दोनदा कळलं. पहिल्यांदा तिच्या भाचीच्या, मीनाच्या निरोपातून. रोमन अक्षरांत लिहिलेल्या दोनच ओळी होत्या: 'अक्का गेली. सकाळी काफी पिऊन तिण्णैवर बसली होती, तशीच गेली.' तिण्णै म्हणजे तंजावूरच्या घरांबाहेरचा ओटा. राजवाड्यामागच्या गल्लीतली ती तिची रोजची जागा. वाचून मी रडले. दुसऱ्यांदा कळलं ते दोन आठवड्यांनी, पुण्यातल्या माझ्या जुन्या संशोधन संस्थेच्या वार्तापत्रातून. आमच्या सरांनी श्रद्धांजली लिहिली होती. 'आमच्या तंजावूर प्रकल्पातील स्थानिक मदतनीस, आणि एका लुप्त झालेल्या बोलीच्या अखेरच्या भाषिकांपैकी एक.' मदतनीस! आणि लुप्त! माझं डोकं असं फिरलं की रडू जागच्या जागी थांबलं. ज्या माणसाने अक्काचं काम केराच्या टोपलीत टाकलं, तोच आता तिला हार घालत होता.

मी तंजावूरला पहिल्यांदा गेले तेव्हा पंचविशीची होते. सरांच्या हाताखाली नवी नवी नोकरी, खांद्यावर झोळी, झोळीत छापील प्रश्नावल्या. शेकडो वर्षांपूर्वी मराठी राज्याबरोबर तिकडे गेलेली कुटुंबं आज घरात मराठी बोलतात का, एवढंच शोधायचं होतं. सर लॉजमध्ये पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकायचे आणि मी दारं वाजवायची. दार उघडायचं, बाई हसायची आणि इंग्रजीत सांगायची, 'नो नो, ओन्ली तमिळ.' मी 'नाही' वर खूण करायची. एका दारात बाई मला हेच सांगत होती, आणि आतून तिची सासू ओरडली, "दूध उतूं जातें गे, गॅस बंद कर!" बाई 'आलें' म्हणून आत पळाली. आणि मी? मी 'नाही' वर खूण केली. बाईने स्वतः नाही म्हटलं होतं ना! आज आठवलं की स्वतःचेच कान उपटावेसे वाटतात.

समोरच्या तिण्णैवरून एक सत्तरीची बाई, म्हणजेच तुळजाअक्का, हा सगळा तमाशा तीन दिवस बघत होती. चौथ्या दिवशी तिने मला हाक मारली.

"ये, काफी पी. आतां गेलीस त्या घरच्या सीताबाईनें काय सांगितलें तुज?"

"त्या मराठी बोलत नाहीत म्हणाल्या."

"अय्यो! काल सांजेस दोन घंटे सुनेचें गाऱ्हाणें सांगत होती मज. तें काय चिनी भाषेंत?"

मग त्या खोटं का बोलल्या, असं मी जरा घुश्श्यातच विचारलं. अक्का म्हणाली, "खोटें नव्हें. तुझी मराठी पुस्तकांतली. तिला वाटतें, तूं परीक्षा घ्यायास आलीस. नापास होण्यापरीस येत नाहीं म्हटलेलें बरें, नव्हें?"

संशोधनपद्धतीचे माझे दोन वर्षांचे तास त्या एका काफीपुढे फिके पडले. उत्तर कोण देतंय यापेक्षा विचारतंय कोण, हे आधी बघावं, असं मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

अक्काला हे सुचलं ते उगीच नाही. तिची सगळी नोकरी सरकारी सांख्यिकी खात्यात झाली होती, बरीचशी ओरत्तनाडूकडच्या भातशेतांत. पीक कापणी प्रयोग करायचा. म्हणजे आकड्यांच्या तक्त्यावरून शेत निवडायचं, शेतातला तुकडाही तक्त्यावरूनच मोजायचा, दोरी बांधून तेवढंच भात कापायचं, झोडायचं आणि तोलायचं. प्रत्येक गावात कुणीतरी म्हणायचंच, बाई, कशाला चिखलात उतरता, रस्त्याकडेचं छान पीक आहे, तेच कापा. "रस्त्याकडचें पीक सगळ्यांसच दिसतें. मज न दिसणारें पाहिजे," असं म्हणून ही नऊवारी खोचून गुडघाभर चिखलात उतरायची.

तर त्या संध्याकाळी तिने काफीपुडीचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात चिंचोके टाकले, अर्ध्यांवर चुन्याचा ठिपका, अर्धे कोरे. प्रत्येक घरासाठी न बघता एक काढायचा. चुन्याचा आला तर त्या घरी अक्का जाणार, कोरा आला तर मी. प्रश्न तेच आणि वेळही तीच. आधी तिने तिकडच्या मुली खेळात फासा म्हणून टाकतात तसा एका बाजूने घासलेला एकच चिंचोका फेकायचं ठरवलं होतं, पण अख्खी दुपार तो फेकून बघितला आणि तो काळ्या बाजूवरच जास्त पडतो म्हणून रद्द केला. मला हसू आलं. ती हसली नाही.

आठवड्याभरात चित्र स्पष्ट झालं. माझ्या घरांत बहुतेक 'नाही', तिच्या घरांत बहुतेक 'हो'. मी आनंदाने उडायचीच बाकी होते. आणि ही बाई तोंड पाडून बसलेली!

"माझी बाजू बी खोटी," ती म्हणाली. "मज कोण नाहीं म्हणेल गे? अर्ध्यांच्या बाळंतपणांस मी होतें."

तिने तिरुवैयारुहून कावेरीबाईंना बोलावलं. त्या वीणा शिकवायच्या. बोली तीच, पण गल्लीत ओळख कुणाचीच नाही. डबा पुन्हा हलला, नवी घरं निघाली आणि भर उन्हात आणखी दोन आठवडे गेले. कावेरीबाईंचे 'हो' अक्कापेक्षा कमी निघाले, माझ्यापेक्षा मात्र कितीतरी जास्त. ते बघून अक्का लहान मुलीसारखी टाळी वाजवून म्हणाली, "बघ, बघ! मी केवढें फुगविलें होतें!" स्वतःची चूक सापडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी विद्वानांत तरी पाहिलेलं नाही.

सरांनी ते कागद चाळले. "चिंचोक्यांवर संशोधन होत नाही," म्हणाले. "या बायकांना मुलाखतीचं प्रशिक्षण नाही. त्यांची घरं गाळा." प्रशिक्षण मला होतं, म्हणून माझी चुकीची उत्तरं राहिली. अहवालात छापून आलं की बोली व्यवहारातून संपली आहे. त्या अहवालावर एक गोष्ट अडकलेली होती. गल्लीतल्या मुलांसाठी रविवारचा देवनागरीचा वर्ग सुरू करायला एक मंडळ तयार झालं होतं. अक्काने पुढची खोली रिकामी करून फळाही टांगला होता. बोलीच संपली तर शिकवायचं कुणाला, म्हणून मंडळाने हात झटकले. मुलांच्या कानात मराठी होती, ती डोळ्यांपर्यंत पोचायची एक संधी एका माणसाच्या अहंकारापायी गेली.

आणि मी मूग गिळून बसले. अहवालावर माझं नाव आहे, सरांच्या खाली. नोकरी नवी होती वगैरे कारणं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितली... अक्काने सरांना इंग्रजीत पत्र लिहून एकच विचारलं की बाकीची पानं कुठे गेली. उत्तर आलं नाही. मला तिने फोन केला. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "तूं तिथें होतीस, नव्हें?" मी काहीतरी पुटपुटले. त्यानंतर दर दिवाळीला आम्ही बोलायचो, पण तो प्रश्न तिने पुन्हा काढला नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात मी त्या घरी गेले. मीनाच्या मुलीने दार उघडलं. मी मराठीत विचारलं, तिने इंग्रजीत उत्तर दिलं, 'सॉरी, आय डोन्ट नो मराठी.' मग मान वळवून आत ओरडली, "आई, पुण्याची बाई आली बघ!" मी दारातच हसत सुटले आणि हसता हसता पुन्हा संताप आला. लुप्त म्हणे!

फळा अजून भिंतीवर होता. मीनाने मला पत्र्याचा तो डबा दिला, आणि एक जाड वही. अक्का रोज संध्याकाळी प्रत्येक घराची उत्तरं उतरून ठेवायची, हे मला माहीतच नव्हतं. कापणीच्या खात्यातली सवय, एक प्रत आपल्याजवळ. तिची घरं, कावेरीबाईंची घरं आणि माझीही. दूध उतू गेलेल्या घरापुढे तिने तिच्या बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, 'मुलगी चांगली आहे, ऐकायला शिकेल.'

त्या वहीच्या प्रती मी संस्थेला आणि त्या मंडळाला पाठवल्या आहेत. सोबत लिहून दिलंय की अहवालातला निष्कर्ष चुकीचा आहे, तो माझ्या चुकीच्या नोंदींवर उभा आहे, आणि गाळलेली घरं परत घातल्याशिवाय त्यावरचं माझं नाव मला नको. सर काय म्हणतील ते म्हणोत.

डबा आता माझ्या टेबलावर असतो. काल पत्र टाकून आल्यावर न बघता एक चिंचोका काढला. कोरा निघाला. म्हणजे पाळी माझी. एका चिंचोक्यावरून काहीही ठरत नाही, असं अक्काने लगेच सुनावलं असतं. कबूल. पण तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला चिंचोका लागायला नको होता. होय अक्का, मी तिथे होते.