गडग्यातली वाट आज बुजवली

मंडळी, घरात राग आवरेना म्हणून बाबांचा डोळा लागल्यावर कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत येऊन लिहितेय.

मी मांडवीत राहते. आमच्या आणि शेजारच्या सुमनकाकूंच्या घरांमध्ये जांभ्या दगडाचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत आहे. त्यात येण्याजाण्यापुरती वाट मुद्दाम ठेवलेली. आमची किल्लीसुद्धा काकूंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असायची. मी कामावर गेले की काकू त्या वाटेने येऊन अंथरुणावरच्या बाबांना बघून जायच्या. त्याच भरवशावर मी नोकरी करते.

आज संध्याकाळी आले तर वाट चिरे लावून बंद! सिमेंट अजून ओलं होतं.

रस्त्याने वळसा घालून काकूंकडे गेले. त्यांनी आधी किल्लीच माझ्या हातात ठेवली.

"रागावू नको गो. आळीत चोरी झाल्यापासून ह्यांना झोप नाय. तुमच्याकडून कोण येतं-जातं, आम्हांला काय कळणार?"

अहो, त्या वाटेने काकूंशिवाय येत-जात होतं कोण? निदान सकाळी मला सांगायचं तरी! मी घराबाहेर पडायची वाट बघून गवंडी बोलावला.

चोरीची बातमी ऐकूनही मी घाबरले नव्हते. हाक मारली की पलीकडून ओ यायची ना! आज पहिल्यांदा भीती वाटतेय.

घरी बाबांनी विचारलं, "सुमन आज आली नाय ती?"

"पाहुणे आलेत त्यांच्याकडे," म्हटलं.

आता तुम्हीच सांगा, उद्या कामावर जाताना बाबांना आत ठेवून कुलूप लावू, की दार उघडं टाकून जाऊ?