ताईनं न खाल्लेलं तूप

बहात्तरच्या दुष्काळात माझी थोरली बहीण पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. आमची गाय तोवर घोडेगावच्या बाजारात विकून झाली होती. घरात रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी आणि ठेचा. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं खायला मिळणारी गोड सुकडी पदरात बांधून ताईसाठी आणायची. ताई त्यातली अर्धी माझ्या तोंडात कोंबायची. "मला गोड नको वाटतं गं," म्हणायची. खोटारडी. लहानपणी गुळाच्या ढेपेला मुंगळ्यासारखी चिकटायची ती.

एके दिवशी ताईची सासू तिला बघायला आली. आणि नेमकी त्याच दुपारी आरोग्याची पाहणी करणारी एक बाई घरोघर फिरत आमच्या दारात आली. विहिणीसमोर माहेरची चूल उघडी करायची नाही, ही आमच्याकडची रीत. सासूनं गाईचं विचारलं तेव्हा आईनं "गुरांच्या छावणीत हाय" म्हणून सांगून टाकलं होतं.

"काल काय काय खाल्लंस?" बाईनं ताईला विचारलं.

ताईनं आधी सासूकडं बघितलं, मग आईकडं. "भाकरी, भाजी, वरनभात. वर तूप. निजताना दूध."

"चक्कर येते? डोळ्यांपुढं अंधारी?"

"न्हाई बाई. मी बरी हाय."

सकाळीच ती हंड्याशेजारी भिंत धरून मटकन खाली बसली होती. मी तोंड उघडलं, तशी तिनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की बोलणं तिथंच राहिलं. सासूही मागं कशाला राहील? "आमच्याकडं बी दूधदुभतं लई," ती म्हणाली. खडी फोडून तिच्या तळहातांना पडलेले घट्टे मला समोर दिसत होते.

"छान. अशीच खात जा," म्हणून बाई शेजारी गेली. शेजारची वहिनीही गरोदर, पण तोंडानं फटकळ. "काय खानार? माती?" ती म्हणाली. तिला रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या, दुधाची पावडर मिळाली. आमच्या घरात मात्र विहीणबाई खूश होऊन गेल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आई मला म्हणाली. ती म्हण मला आजही ऐकवत नाही.

शेजारच्या वहिनीचा मुलगा आज नातवंडं खेळवतो.

ताई बाळंत झाली आणि रक्त थांबेना. मागून आणलेल्या बैलगाडीतून तिला नेवाशाला नेलं. वाटेत आई सारखी विचारत होती, "कसं वाटतंय?" आणि ताई दर वेळी म्हणत होती, "बरी हाय." तिथले डॉक्टर आईवर ओरडले, "पोरीच्या अंगात रक्तच नव्हतं. खायला घालत होता की नाही?" ताई गेली. पाठोपाठ बाळही गेलं.

सासू भेटायला आली. आईच्या गळ्यात पडून रडली. "एवढं दूधतूप खाऊन माजी सून कशी गेली हो?"

मला वाटलं, आता तरी आई खरं सांगेल. आता लपवायला उरलंय काय?

आईनं पदरानं डोळे पुसले. "व्हय वो," ती म्हणाली, "रोज वाटीभर तूप खायची."